कै. मिनू मसानी आणि अल्पसंख्याकांचे गाऱ्हाणे

गेल्या वर्षीच्या आमच्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवालवाचन, हिशेबास मंजुरी आणि हिशेबतपासनिसांची नेमणूक हे नित्याचे विषय आटोपल्यावर, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांत एका तरुण सभासदाने एक ठराव मांडला. आपली ज्ञाती संख्येने अल्प आहे, पनवेलसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या शहरात तर ती बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहे, यास्तव सरकारने आपणांस अल्पसंख्याक म्हणून मान्यता द्यावी, असा त्या ठरावाचा आशय होता. ठरावास अनुमोदन मिळाले, टाळ्याही पडल्या. दोघा-तिघा वडीलधाऱ्यांनी शंका काढल्या आणि अखेरीस हा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब झाला. या अंकाच्या संपादक मंडळाने आम्हांस आज्ञा केली ती अशी की, अल्पसंख्याक म्हणजे कोण, त्यांच्या हक्कांचे रक्षण करणारी व्यवस्था आपल्या देशात कशी उभी राहिली, आणि ती उभी करणाऱ्यांचा अनुभव काय सांगतो, याविषयी ज्ञातिबांधवांस थोडी माहिती करून द्यावी.

त्याच सभेत आणखी एक अर्ज आला होता आणि तो दोन मिनिटांत निकालात निघाला. त्याविषयी आम्ही लेखाच्या शेवटी लिहिणार आहोत.

कायद्याची चर्चा रुक्ष असते. म्हणून आम्ही ती एका माणसाच्या चरित्राच्या आधाराने करण्याचे योजिले आहे. हा माणूस आमच्या ज्ञातीचा नव्हे, आमच्या धर्माचाही नव्हे. तो मुंबईचा पारशी होता. तुरुंगवास भोगलेला देशभक्त, समाजवादी, मुंबईचा महापौर, घटना समितीचा सभासद, राजदूत, विरोधी पक्षाचा पुढारी अशी सर्व स्थित्यंतरे पार करून, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी तो भारताच्या पहिल्या अल्पसंख्याक आयोगाचा पहिला अध्यक्ष झाला. त्याचे नाव मिनोचर रुस्तुम मसानी. लोक त्यांस मिनू मसानी म्हणत.

मसानी यांचा जन्म २० नोव्हेंबर १९०५ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील सर रुस्तुम मसानी हे मुंबई महापालिकेचे आयुक्त होते आणि पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. दादाभाई नौरोजींचे विस्तृत चरित्र लिहिणारे ते हेच. विद्या, कर्तृत्व आणि सरकारदरबारी मान या तिन्ही गोष्टी ज्या घरात होत्या, त्या घरातला मुलगा एल्फिन्स्टन महाविद्यालयातून विलायतेस गेला, लंडनच्या अर्थशास्त्राच्या प्रसिद्ध विद्यालयात शिकला, बॅरिस्टर होऊन परतला आणि मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करू लागला. अशा तरुणापुढे सुखाचा राजमार्ग आयता खुला होता. परंतु कायदेभंगाच्या चळवळीत तो ओढला गेला आणि १९३२-३३ च्या सुमारास नाशिकच्या तुरुंगात जाऊन बसला. तेथे जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, ना. ग. गोरे अशी मंडळी त्यास भेटली. काँग्रेसच्या अंतर्गत समाजवादी पक्ष काढण्याची कल्पना याच तुरुंगात आकारास आली आणि १९३४ साली तो पक्ष स्थापन झाला. मसानी त्याच्या संस्थापकांपैकी एक होते.

त्या काळी रशियातील प्रयोगाने जगभरच्या तरुणांची मने भारून टाकली होती. मसानी यांनी १९२७ मध्ये व पुन्हा १९३५ मध्ये रशिया पाहिला. स्टालिनच्या राजवटीत विरोधकांची जी वाट लागली ती पाहून त्यांचे मन विटले. राज्य कितीही उदात्त ध्येयाची भाषा बोलत असले, तरी त्याच्यापुढे एकटा माणूस निराधार होत असेल, तर ते राज्य आपले नव्हे, असा त्यांचा निश्चय झाला. १९३९ साली त्यांनी समाजवादी पक्ष सोडला. ज्या मित्रांबरोबर तुरुंगाची भाकरी खाल्ली, त्यांच्यापासून मताखातर दूर होणे सोपे नव्हे. हा निश्चय आम्ही येथे मुद्दाम नमूद करीत आहोत, कारण पुढील साठ वर्षांचे त्यांचे सर्व वर्तन याच एका सूत्रात ओवलेले दिसते. पक्ष बदलले, मित्र बदलले, परंतु सत्तेपुढे एकट्या पडलेल्या व्यक्तीची बाजू त्यांनी सोडली नाही.

१९४३ साली ते मुंबईचे महापौर झाले. टाटा उद्योगसमूहातही त्यांनी काम केले. त्यापूर्वी, १९४० साली, त्यांनी मुलांसाठी लिहिलेले ‘आपला भारत’ या अर्थाच्या नावाचे इंग्रजी पुस्तक घरोघर वाचले गेले. मग आली घटना समिती आणि येथे आमच्या विषयास खरा प्रारंभ होतो.

डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीचे काम सुरू झाले, तेव्हा अल्पसंख्याकांचा प्रश्न हा सर्वांत अवघड प्रश्न समजला जात होता. १९०९ पासून इंग्रजांनी स्वतंत्र मतदारसंघांची पद्धती पाडली होती. प्रत्येक जमातीने आपापला प्रतिनिधी आपापल्याच माणसांच्या मतांवर निवडावयाचा, ही ती पद्धती. तिचे फळ फाळणीच्या रूपाने देशासमोर उभे होते. अशा वेळी मसानी यांनी समितीत जो विचार मांडला तो ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटले असेल. राष्ट्र एक व्हावयाचे असेल, तर त्यात कायमचे अल्पसंख्याक आणि कायमचे बहुसंख्याक असे दोन वर्ग राहता कामा नयेत, कालांतराने हा भेदच विरून गेला पाहिजे, असा त्या विचाराचा मथितार्थ होता. हे बोलणारा गृहस्थ देशातील अत्यंत अल्पसंख्य जमातीचा होता, हे ध्यानात ठेविले पाहिजे.

मूलभूत हक्कांचा मसुदा करणाऱ्या उपसमितीवर मसानी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, हंसा मेहता, राजकुमारी अमृत कौर, क. मा. मुन्शी आदी मंडळीही त्या उपसमितीत होती. १९४७ साली मसानी, हंसा मेहता व अमृत कौर या तिघांनी मिळून एक भिन्नमतपत्रिका जोडली. धर्मानुसार वेगवेगळे असलेले विवाह-वारसाचे कायदे राष्ट्राला कप्प्याकप्प्यांत विभागून ठेवतात, म्हणून पाच ते दहा वर्षांच्या अवधीत सर्वांस एक नागरी कायदा मिळण्याची हमी घटनेत असावी, असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही. तो विषय न्यायालयात दाद मागता येणाऱ्या हक्कांत न जाता मार्गदर्शक तत्त्वांत गेला. त्या प्रश्नाच्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हांस येथे एवढेच दाखवावयाचे आहे की, जमातीच्या हक्कांचा विचार करीत असताना जमातीच्या आत राहणाऱ्या व्यक्तीचा, विशेषतः स्त्रीचा, हक्क मसानी यांच्या नजरेआड झाला नव्हता. त्या तिघांत दोन स्त्रिया होत्या, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

त्याच सुमारास राखीव जागांचा प्रश्न निघाला. १९४७ च्या ऑगस्टात सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीने अहवाल दिला, तेव्हा बहुतेक अल्पसंख्य जमातींसाठी विधिमंडळांत राखीव जागा सुचविल्या होत्या. पारशी प्रतिनिधींनी मात्र आपला दावा आपण होऊन सोडून दिला. १९४९ साली इतर धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागाही रद्द झाल्या. अनुसूचित जाती व जमातींच्या तेवढ्या राहिल्या, कारण त्यांचा प्रश्न संख्येचा नसून शतकानुशतकांच्या अन्यायाचा होता. आंग्ल-भारतीयांस लोकसभेत नियुक्तीने दोन जागा मिळत. ती तरतूदही जानेवारी २०२० मध्ये संपुष्टात आली. पारश्यांनी राखीव जागा नाकारल्या म्हणून ते मागे पडले काय? स्वतंत्र भारताच्या उद्योगात, न्यायदानात, सैन्यात आणि विज्ञानात त्या जमातीची जी नावे झळकली, ती सर्वांस ठाऊक आहेत. परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९४१ च्या जनगणनेत अखंड हिंदुस्थानात सुमारे १ लाख १४ हजार असलेले पारशी २०११ च्या जनगणनेत भारतात ५७,२६४ उरले. यातील काही घट फाळणीची आणि स्थलांतराची असली, तरी उशिरा होणारे विवाह, न होणारे विवाह आणि ज्ञातीबाहेर गेलेल्या कन्येच्या संततीस दार बंद ठेवण्याची रीत यांचा तीत मोठा वाटा आहे. लहान समाजास बाहेरून जो धोका असतो, त्यापेक्षा आतील दारे-खिडक्या लावून घेतल्याने होणारी घुसमट कमी घातक नसते.

स्वातंत्र्यानंतर संयुक्त राष्ट्रसंघाने भेदभाव-निवारण व अल्पसंख्याक-संरक्षण यांसाठी एक उपआयोग १९४७ साली स्थापिला. त्यावर भारतातून मसानी होते. ज्या वर्षी आपल्या देशात धर्माच्या नावाने रक्ताचे पाट वाहत होते, त्याच वर्षी हा मुंबईकर जगाच्या व्यासपीठावर अल्पसंख्याकांच्या रक्षणाचे नियम कसे असावेत याचा खल करीत होता. पुढे १९४८ मध्ये ते ब्राझीलमध्ये राजदूत म्हणून गेले.

परत आल्यावर त्यांनी पंडित नेहरूंच्या आर्थिक धोरणास उघड विरोध आरंभिला. १९५७ साली ते लोकसभेवर निवडून आले ते मुंबईतून नव्हे, तर झारखंड पक्षाच्या पाठबळावर दूरच्या रांचीहून. मुंबईच्या पारश्यास छोटा नागपूरच्या आदिवासी मुलुखाने निवडून द्यावे, यात एक अर्थ भरला आहे. संख्याबळ नसलेल्या माणसास दुसऱ्या संख्याबळ नसलेल्या लोकांनी जवळ केले. १९५९ साली राजाजी, प्रा. रंगा, मुन्शी यांच्यासमवेत त्यांनी स्वतंत्र पक्ष काढला. १९६३ च्या पोटनिवडणुकीत राजकोटहून ते पुन्हा लोकसभेत गेले, १९६७ साली तेथूनच फिरून निवडून आले आणि लोकलेखा समितीचे अध्यक्ष झाले. विरोधी पक्षाच्या सभासदास ते पद मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. सरकारच्या हिशेबाची झडती विरोधकाने घ्यावी, हा प्रघात तेव्हापासून रुळला. १९७१ च्या निवडणुकीत पक्षाचा मोठा पराभव झाला आणि मसानी यांनी पक्षाचे अध्यक्षपद सोडले. निवडणुकीचे राजकारण त्यांच्यापुरते तेथे संपले.

परंतु त्यांच्या आयुष्यातील एक लखलखीत पर्व यानंतरचे आहे. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली, वृत्तपत्रांवर नियंत्रण आले. ‘फ्रीडम फर्स्ट’ या आपल्या छोट्या इंग्रजी मासिकात छापावयाचा काही मजकूर नियंत्रकाने नामंजूर करताच मसानी मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. भलीभली दैनिके मान तुकवीत असताना एका लहान मासिकाच्या संपादकाने सरकारास न्यायालयात खेचले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायालयाच्या खंडपीठाने त्याच्या बाजूने निकाल दिला. सरकारच्या धोरणाशी मतभेद व्यक्त करणे म्हणजे देशविघातक कृत्य नव्हे, असा त्या निकालाचा रोख होता. अल्पमताचा हक्क म्हणजे काय, हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्याने हा निकाल अवश्य अभ्यासावा. अल्पसंख्याक धर्मानेच होतो असे नाही. सारा गाव एका बाजूस आणि आपण दुसऱ्या बाजूस, असा प्रसंग ज्याच्यावर येतो तो त्या दिवशी अल्पसंख्याकच असतो.

१९७७ साली जनता पक्ष सत्तेवर आला. जानेवारी १९७८ मध्ये केंद्रीय गृहखात्याच्या एका ठरावाने अल्पसंख्याक आयोग स्थापन झाला आणि त्याचे पहिले अध्यक्षपद मसानी यांस देण्यात आले. घटनेतील संरक्षक तरतुदींचा अंमल कसा होतो हे पाहणे, त्यांत सुधारणा सुचविणे, आणि हक्क डावलले गेल्याच्या विशिष्ट तक्रारींत लक्ष घालणे ही आयोगाची कामे होती. तिसरे काम ज्यास आपण लोकायुक्त म्हणतो त्याच्या जातीचे आहे. नागरिकाचे गाऱ्हाणे ऐकून सरकारास जाब विचारणाऱ्या अधिकाऱ्याची कल्पना स्वीडनने १८०९ साली प्रथम अंमलात आणिली. आपल्याकडे त्यास ‘लोकपाल’ हे नाव १९६३ साली मिळाले आणि महाराष्ट्रात लोकायुक्ताचा कायदा १९७१ मध्ये होऊन १९७२ मध्ये ते कार्यालय सुरू झाले. अल्पसंख्याक आयोग हा या कुळातलाच.

ज्या गृहस्थाने घटना समितीत ‘अल्पसंख्याक हा वर्गच कालांतराने उरू नये’ असे सांगितले, त्यानेच तीस वर्षांनी अल्पसंख्याकांच्या आयोगाचे अध्यक्षपद स्वीकारावे, यात काहींस विसंगती दिसेल. आम्हांस ती दिसत नाही. रोग नाहीसा व्हावा अशी इच्छा बाळगणाऱ्या वैद्यास दवाखाना उघडावाच लागतो. तथापि हा दवाखाना उघडला गेला तो औषधांवाचून. आयोगामागे कायदा नव्हता, केवळ खात्याचा ठराव होता. त्यास घटनात्मक दर्जा देण्यासाठी आणलेले विधेयक संमत होऊ शकले नाही. काही महिन्यांतच मसानी यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी न्यायमूर्ती एम. आर. ए. अन्सारी आले. ज्या माणसाने पक्ष सोडले, अधिकारपदे सोडली, त्याने हेही पद सोडले. खुर्चीला चिकटून राहणे हा त्यांचा पिंडच नव्हता.

आयोग मात्र टिकला. १९९२ साली त्यास कायद्याचे अधिष्ठान मिळाले आणि १९९३ च्या मे महिन्यात नवा राष्ट्रीय आयोग अस्तित्वात आला. मुसलमान, ख्रिस्ती, शीख, बौद्ध व पारशी या पाच समाजांस त्या वर्षी अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित करण्यात आले. जैन समाजाची भर जानेवारी २०१४ मध्ये पडली. तक्रारीची चौकशी करताना साक्षीदारास पाचारण करणे, कागदपत्रे मागविणे असे दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार या आयोगास आहेत. परंतु चौकशीअंती तो शिफारसच करू शकतो, हुकूम देऊ शकत नाही. शिफारस सरकारने मानली नाही, तर का मानली नाही याचे निवेदन संसदेपुढे ठेवावे लागते, एवढाच त्याचा अंकुश.

मग असा आयोग व्यर्थ म्हणावा काय? या प्रश्नाचे उत्तर देताना युरोपातील एका समकालीन उदाहरणाकडे पाहणे उपयोगी पडेल. हॉलंडचे माजी परराष्ट्रमंत्री माक्स व्हान डेर स्टूल हे १९९३ साली युरोपीय सुरक्षा संघटनेचे राष्ट्रीय अल्पसंख्याकविषयक पहिले उच्चायुक्त झाले आणि २००१ पर्यंत त्या पदावर राहिले. तेही राजकारणातून आलेले. त्यांच्यापाशी सैन्य नव्हते, दंड करण्याची सत्ता नव्हती, वैयक्तिक तक्रारी ऐकण्याचाही अधिकार नव्हता. त्यांच्या पदाच्या नावात ते अल्पसंख्याकांचे वकील आहेत असे म्हटलेले नाही. अल्पसंख्याकांच्या प्रश्नावरील अधिकारी, एवढेच म्हटले आहे. बाल्टिक देशांतील रशियन भाषिक असोत की रुमानिया-स्लोव्हाकियातील हंगेरियन असोत, त्यांच्याविषयी ते गाजावाजा न करता राजधान्यांत जात, मंत्र्यांशी बंद दाराआड बोलत, पत्रे लिहीत आणि भांडण रक्तपातापर्यंत जाण्यापूर्वीच तडजोडीची वाट शोधीत. अधिकार थोडा, परंतु नि:पक्षपाताची ख्याती मोठी, एवढ्या भांडवलावर त्यांनी हे कार्य केले. यावरून असे दिसते की, अशा पदाचे बळ कायद्याच्या कलमाइतकेच ते धारण करणाऱ्याच्या चारित्र्यात असते. आणि सरकारने त्याचे ऐकावे असे लोकमत मागे नसेल तर उत्तम चारित्र्यही एकाकी पडते.

आता आमच्या सभेतील ठरावाकडे वळू. आपल्या घटनेची २९ व ३० ही कलमे अल्पसंख्याक ओळखतात ती धर्माने किंवा भाषेने. ज्ञातीने नव्हे. हिंदू धर्मातील, मराठी बोलणारी एखादी ज्ञाती कितीही लहान असली, तरी महाराष्ट्रात ती कायद्याच्या अर्थाने अल्पसंख्याक होत नाही. भाषिक वा धार्मिक अल्पसंख्याक कोण, हे राज्य हा घटक धरून ठरवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले. म्हणून पनवेलात बहुसंख्याक असलेला मराठी माणूस बेळगावात अल्पसंख्याक ठरतो. त्याच्यासारख्यांसाठी घटनेत ३५० ब हे कलम घालून १९५७ साली भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्ताचे कार्यालय उघडण्यात आले. सीमाभागातील आपल्या बांधवांची मराठी शाळांची व मराठी कागदपत्रांची गाऱ्हाणी त्या कार्यालयाच्या दारी वर्षानुवर्षे जात आली आहेत. तेथे आपण न्याय मागतो, तर येथे आपल्या शेजारी राहणाऱ्या गुजराती, कानडी, तमिळ वा उर्दू भाषिकाच्या शाळेकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, हा प्रश्न स्वतःस विचारणे प्राप्त आहे.

आणि अल्पसंख्याक म्हणजे काय, हे पाहावयास पनवेलकरांस दूर जावयाचे कारण नाही. आपल्याच गावात बेने इस्रायलांचे १८४९ साली बांधलेले बेथ एल हे प्रार्थनामंदिर उभे आहे. तीन वर्षांनी, १८५२ साली, पनवेलची नगरपालिका स्थापन झाली, म्हणजे हे मंदिर नगरपालिकेहूनही वडील. कुलाबा जिल्ह्याच्या गावोगावी तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले जाणारे हे लोक. पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावे लावणारे, घरात मराठी बोलणारे, कीर्तनाच्या चालीवर आपल्या धर्मग्रंथांतील कथा मराठीत गाणारे. जगात अन्यत्र त्यांच्या धर्मबांधवांवर जे भयंकर प्रसंग ओढवले, त्यांपैकी एकही या किनाऱ्यावर त्यांच्या वाट्यास आला नाही. १९४८ नंतर पुष्कळ जण इस्रायलला गेले, ते कोणी हाकलले म्हणून नव्हे. महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजास अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली ती २०१६ साली. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या या समाजाचे रक्षण झाले ते अधिसूचनेने नव्हे, शेजाऱ्यांच्या शहाणपणाने. अधिसूचना नको असे आम्ही म्हणत नाही. शेजाऱ्यांचे शहाणपण सर्वकाळ व सर्वत्र शिल्लक राहते असे नाही, आणि ते आटते त्या दिवशी कायदाच काय तो आधार असतो. परंतु कायद्याने शेजारधर्माची जागा भरून निघत नाही, हेही तितकेच खरे.

सारांश, तहकूब ठराव मागे घ्यावा, असे आमचे नम्र मत आहे. तो कायद्यात बसत नाही म्हणून तर घ्यावाच. परंतु आपली अडचण संख्येची नसून शिक्षणाची, घरांची आणि एकोप्याची आहे म्हणूनही घ्यावा. त्यासाठी लागणारा निधी आपण आपसांत जमवू शकतो आणि आजवर जमवीत आलो आहो.

राहिला दुसरा अर्ज. तो आपल्याच ज्ञातीतील एका भगिनीचा होता. तिने वीस वर्षांपूर्वी ज्ञातीबाहेर विवाह केला. पती निवर्तल्यावर ती पनवेलला माहेरी परत आली आणि महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या मुलीस मंडळाच्या विद्यार्थी-निधीतून साहाय्य मिळावे अशी तिने विनंती केली. नियमावली उघडण्यात आली. ज्ञातीबाहेर विवाह केलेल्या पुरुषाची संतती सभासदत्वास पात्र आहे, स्त्रीची नाही, असे तेथे लिहिले आहे. अर्ज नामंजूर झाला. कोणी एक शब्द उच्चारला नाही. कार्यकारी मंडळात आम्हीही बसलो होतो आणि आम्हीही हात वर केला. लगेच पुढला विषय निघाला तो अल्पसंख्याकांच्या हक्कांचा!

मसानी यांचे चरित्र लिहावयास बसलो तेव्हा हा प्रसंग आमच्या मनास टोचू लागला. पारश्यांतही हाच नियम. १९०८ च्या मुंबई उच्च न्यायालयातील प्रसिद्ध खटल्यात पारशी पित्याची संतती पारशी मानली गेली, मातेची मात्र नाही. त्या रुढीने त्या समाजाचे काय झाले हे वर दिलेले आकडे सांगतात. आम्ही सरकारच्या दारी अल्पसंख्याक म्हणून उभे राहू इच्छितो, आणि आमच्या दारी उभ्या राहिलेल्या एकट्या बाईस नियम दाखवितो. सरकारने आम्हांस असाच नियम दाखविला असता, तर आम्ही त्यास अन्याय म्हटले असते.

२७ मे १९९८ रोजी मुंबईत मसानी यांचे निधन झाले. त्यांचे सर्वच विचार आम्हांस पटतात असे नाही. त्यांच्या आर्थिक मतांवर आमच्या घरातच दोन तट आहेत. परंतु समूहाच्या हक्काची भाषा करणाऱ्याने आपल्या समूहातील एकट्याचा हक्क आधी पाहावा, हा धडा त्यांच्या आयुष्यातून घेण्यासारखा आहे. येत्या सर्वसाधारण सभेत नियमावलीतील ते कलम दुरुस्त करून ‘ज्ञातीतील पुरुषाची अथवा स्त्रीची संतती’ असे शब्द घालावेत, अशी लेखी सूचना आम्ही चिटणिसांकडे दिली आहे. तिला अनुमोदकाची सही अद्याप हवी आहे. हा लेख वाचून ज्यांस ती करावीशी वाटेल, त्यांनी सभेच्या पंधरा दिवस आधी मंडळाच्या कार्यालयात यावे. कागद तेथेच टेबलावर ठेविला आहे.